पुढच्या वर्षी गच्चीवर नवीन काय लावू?

प्रश्न थोडक्यात: पुण्यात सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. घराला लागून खुली गच्ची आहे. तिथे बारा इंची वीस ग्रो बॅग आणि चार क्रेट आहेत. दक्षिणेला चार फुटी कठडा, पश्चिमेला शेजारची इमारत, तिची सावली दुपारी तीननंतर गच्चीवर येते; एक कोपरा कायम सावलीत असतो. गेल्या जूनमध्ये त्यांनी सगळं बी एकाच रविवारी पेरलं. मिरची आणि पालक छान आला. टोमॅटोची पानं आकसून गेली, भेंडी पिवळी पडली, दोडक्याला फुलं भरपूर पण दोडका एकही नाही, आणि मुळ्याचा नुसता पाला झाला. ‘माझी झाडांची निवडच चुकली’ असं त्यांच्या मनाने घेतलंय. म्हणून येत्या मृगापासूनच्या वर्षासाठी त्यांनी नवी यादी केली आहे: ब्रोकोली, झुकिनी, केल, चेरी टोमॅटो, रंगीत ढोबळी मिरची, लेट्यूस, सेलरी, ॲस्परॅगस आणि स्ट्रॉबेरी. बियांची अठराशे रुपयांची ऑर्डर तयार आहे, पैसे भरायचे बाकी आहेत. सासूबाई म्हणतात, ‘आपल्या मातीत येतं ते लाव. माठ लाव, अळू लाव.’ यजमान म्हणतात, एक वर्ष थांब. त्या विचारतात: यादीतलं काय ठेवू, काय काढू, आणि कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, ऑर्डरचे पैसे अजून आठ दिवस भरू नका. वर्षभर थांबण्याची मात्र काहीच गरज नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, आणि सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे: ‘निवड चुकली.’ टोमॅटो, भेंडी, दोडका आणि मुळा ही पुण्यात न येणारी झाडं नाहीत. तेव्हा नवीन काय लावायचं याआधी जुनं का फसलं ते बघू.

टोमॅटोची पानं वरच्या बाजूला वळून लहान, जाड आणि पिवळसर झाली असतील, तर तो पर्णगुच्छ विषाणू. तो पसरवते पांढरी माशी, पानाच्या खालच्या बाजूला बसणारी, हात लावताच भुर्रकन उडणारी. भेंडीच्या पानांच्या शिरा आधी पिवळ्या होतात, मग अख्खं पान आणि शेवटी भेंडीसुद्धा पिवळट पडते. हा हळद्या, म्हणजे केवडा. त्याचा विषाणू वेगळा, पण वाहन तेच, पांढरी माशी. विषाणू झाडात शिरला की कुठलीही फवारणी त्याला बाहेर काढत नाही. म्हणजे तुमची दोन पिकं एकाच किडीने घालवली. आता नव्या यादीकडे पाहा: चेरी टोमॅटो हा टोमॅटोच आहे, आणि झुकिनीवरही पांढरी माशी व मावा येतात, त्यांच्यामागून पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणणारे मोझॅकचे विषाणू येतात. झाड बदललं तरी माशी गच्चीवर तीच राहणार.

दोडक्याचं कारण अगदी वेगळं. दोडक्याला नर आणि मादी फुलं निरनिराळी असतात. नर फुलं एका देठावर झुपक्याने येतात. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्यामागे बोटभर इवलासा दोडका आधीपासूनच असतो. ही फुलं संध्याकाळी उमलतात, साधारण साडेपाचनंतर. सहाव्या मजल्यावर त्या वेळी मधमाश्या जवळजवळ नसतात. पराग पोचला नाही की तो इवला दोडका दोन-तीन दिवसांत पिवळा पडून गळतो. शिवाय वेलावर सुरुवातीचे पंधरा दिवस बहुतेक नर फुलंच येतात; ती गळणारच, त्यात काही बिघडलेलं नसतं. उपाय सोपा आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि त्याचा पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका नर फुलाच्या परागात दोन मादी फुलांचं काम होतं. दुधीचं फूलही संध्याकाळी उमलतं. कारलं, काकडी, घोसाळं आणि लाल भोपळा यांचं काम मात्र सकाळी लवकर करायचं असतं, आणि झुकिनीचंही. पराग न पोचण्याची हीच अडचण झुकिनीलाही येऊ शकते, हे लक्षात आलंच असेल.

राहिला मुळा. मुळ्याचे थंडीचे वाण वेगळे आणि उन्हा-पावसाचे वेगळे. ‘पुसा हिमानी’ थंडीचा, ‘पुसा चेतकी’ एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पेरायचा. थंडीचा वाण जूनमध्ये पेरला तर तो खाली भरत नाही, नुसता वर वाढतो. हीच गोष्ट गाजराची: ‘नॅन्टीस’ला थंडी लागते, ‘पुसा केसर’ त्यापेक्षा जास्त उष्णता सोसतो. पाकिटावर मोठ्या अक्षरात फक्त ‘मुळा’ वाचून बी घेतलं की असं होतं. वाणाचं नाव आणि पेरणीचे महिने पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतात. ते नसतील तर ते पाकीट घेऊच नये, इतकं मी ठामपणे सांगेन.

तेव्हा तुमच्या चार अपयशांत माशी, पराग आणि चुकीच्या महिन्यातलं वाण ही तीन कारणं निघाली; ‘झाडाची निवड’ त्यात कुठेच नाही. म्हणून नवीन झाड निवडताना नुसतं नाव निवडून भागत नाही. नाव, वाण, पेरणीचा पंधरवडा आणि गच्चीवरची जागा, हे चारही एकत्र ठरलं तरच ती निवड.

आधी ऊन

जागेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातला चार फुटी कठडा मला महत्त्वाचा वाटला. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेच्या आडोशाची दुपारची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे नऊ दशांश पडते. तुमच्या कठड्यामागे साडेतीन फुटांपर्यंतचा पट्टा हिवाळ्यात दुपारीही सावलीत असणार. मे महिन्यात मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि तोच पट्टा भाजून निघतो. आता तुमची यादी बघा: जवळपास सगळी झाडं हिवाळी आहेत, आणि बॅगा कठड्याला लावून ठेवलेल्या असतील तर त्यांना नेमकं हिवाळ्यातच ऊन मिळणार नाही. दिवाळीच्या आसपास बॅगा चार फूट उत्तरेला सरकवा, किंवा दोन फूट उंचीच्या लोखंडी मांडणीवर चढवा.

फळं धरणाऱ्या झाडांना, म्हणजे टोमॅटो, मिरची, भेंडी आणि वेलवर्गाला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. ब्रोकोली आणि नवलकोलला पाच चालेल. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. तीननंतर इमारतीची सावली येते म्हणता. सकाळी नऊपासून ऊन असेल तर तुमच्याकडे सहा तास कसेबसे भरतात. म्हणजे फळं धरणाऱ्या झाडांसाठी सगळ्यात मोकळा, पूर्वेचा भाग राखायचा. कायम सावलीतला कोपरा रिकामा सोडू नका, त्याचं पुढे सांगते.

यादीतलं एकेक

ॲस्परॅगस काढून टाका. ते बहुवर्षायू आहे, बियांपासून नीट तोडणीला तिसरं वर्ष उजाडतं, मुळं खोल जातात आणि दर हिवाळ्यात त्याला थंडीची विश्रांती मानवते. बारा इंची बॅगेत तीन वर्षं एवढ्यासाठी जागा अडवणं तुमच्या गच्चीला परवडणारं नाही. सेलरीही वगळा. बी अतिशय बारीक, उगवायला दोन-तीन आठवडे, तयार व्हायला चार महिने, आणि एकदा जरी पाणी कमी पडलं तरी दांडे दोरीसारखे चिवट होतात.

रंगीत ढोबळी मिरचीबद्दल थोडं थांबून विचार करा. बाजारातल्या लाल-पिवळ्या मिरच्या बहुतेक पॉलिहाऊस किंवा शेडनेटमधून येतात. हिरवी ढोबळी पूर्ण भरल्यावर रंग चढायला आणखी तीन-चार आठवडे झाडावरच ठेवावी लागते. तेवढा वेळ झाड नवी फळं कमी धरतं, आणि उघड्यावर फळाला उन्हाचे चट्टे पडतात. ऑगस्टअखेर रोपं करून ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन झाडं लावा आणि हिरवीच तोडा. शेंड्याची पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. दोघांनाही ‘चुरडा-मुरडा’च म्हणतात, पण औषध वेगळं लागतं. निंबोळी अर्काचा परिणाम फुलकिड्यांवर बरा होतो, कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणारं गंधक लागतं. ते भर उन्हात फवारू नये, पानं जळतात.

झुकिनीचा वेल होत नाही, तीन फूट घेर घेणारं बसकं झुडूप होतं. त्याला बारा इंची बॅग पुरत नाही, अठरा इंची लागते. एकच झाड लावलं तर नर आणि मादी फूल एका सकाळी क्वचितच उमलतं, म्हणून निदान तीन झाडं हवीत. तीन झाडं म्हणजे तुमच्या गच्चीचा केवढा तरी भाग. वर थंडीत भुरीचा पांढरा थर हमखास येतो. या वर्षी मी झुकिनी ठेवणार नाही. दोडक्यावर हाताने परागीभवनाची सवय झाली की पुढच्या ऑक्टोबरात लावा. पेरल्यापासून ४५-५० दिवसांत फळ मिळतं.

ब्रोकोली जरूर लावा, पण तिचा हिशेब आधी समजून घ्या. एका बारा इंची बॅगेत एकच रोप. ते बॅग अडीच-तीन महिने अडवतं आणि एक गड्डा देतं, घरगुती बागेत २५०-३०० ग्रॅमचा. गड्डा कापल्यावर झाड उपटू नका. खोडाच्या बगलेतून छोटे फुटवे पुढे तीन-चार आठवडे मिळत राहतात. बी सप्टेंबरच्या मध्याला टाका आणि चार आठवड्यांची रोपं लावा. रोप ट्रेमध्ये सहा-सात आठवडे रखडलं, पाण्याविना तडफडलं, किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात सापडलं, तर सुपारीएवढाच गड्डा धरून थांबतं. ‘बी खराब निघालं’ अशी तक्रार बहुतेक वेळा या रखडलेल्या रोपांची असते. चारही रोपं एकाच दिवशी लावू नका, दोन आधी आणि दोन पंधरा दिवसांनी, नाहीतर चार गड्डे एकाच आठवड्यात येतात आणि मग दोन महिने काही नाही.

खरं तर ब्रोकोलीच्या शेजारी मी तुम्हाला यादीत नसलेलं एक नाव सुचवते: नवलकोल. त्याच कुळातलं, पण लावणीनंतर ५०-५५ दिवसांत तयार. आठ इंच खोलीत भागतं, एका क्रेटमध्ये सहा रोपं बसतात, गड्ड्याची भाजी आणि कोवळ्या पानांचीही भाजी होते. चेंडूएवढं होताच काढायचं. मोठं होऊ दिलं तर आत धागे धरतात. केलची पानं तुमच्या घरात कोण खाणार, हे आधी विचारा. उत्तर ‘बघू’ असेल तर एकच रोप लावा. या तिघांवर मावा आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी येते. पानाची मागची बाजू दर दोन दिवसांनी बघून अळ्या हाताने काढल्या तर दहा-बारा रोपांना फवारणीचीही गरज पडत नाही.

लेट्यूस तुमच्या गच्चीला सगळ्यात जास्त मानवेल. मात्र नोव्हेंबरच्या आधी बी टाकू नका. माती तापलेली असेल तर लेट्यूसचं बी उगवतच नाही, झोपून राहतं. बियांवर माती लोटायची नाही, नुसतं दाबून ओलं ठेवायचं, कारण त्याला उजेड लागतो. गड्डा धरणाऱ्या प्रकारांपेक्षा सुट्या पानांचे प्रकार घ्या. बाहेरची पानं खुडत गेलं की एक रोप महिनाभर पुरतं. दर पंधरा दिवसांनी मूठभर जागेत पेरत राहा. फेब्रुवारीत दांडा वर निघाला की पानं कडू होतात, तेव्हा मोह सोडून उपटायचं.

चेरी टोमॅटोला हो. पण तो बहुधा सतत वाढणारा वेल असतो, सहा फुटांच्या वर जातो. पंधरा इंची बॅग, भक्कम आधार आणि बगलेतले फुटवे दर आठवड्याला खुडणं, हे मान्य असेल तरच. दोन झाडं चार माणसांना पुरतात. भाजीच्या टोमॅटोसाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देण्यासाठीच काढलेला आहे. संकरित असल्याने त्याचं बी घरी धरून पुढच्या वर्षी लावू नका, तसं झाड येत नाही. दोन्हींची रोपं ऑगस्टच्या अखेरीला करा आणि पहिले २५-३० दिवस बारीक, ५० मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढवा. पांढरी माशी कोवळ्या रोपालाच लागली तर सर्वांत जास्त नुकसान होतं. तेवढे दिवस राखले तर निम्मी लढाई जिंकली. जाळीबाहेर काढल्यावर झाडाच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे टांगा. एखादं झाड आकसलंच तर दया न दाखवता त्याच दिवशी उपटून पिशवीत बांधून टाका. भेंडीलाही हेच. ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’ घेतली तरी पहिल्या महिन्यात पिवळ्या शिरांचं रोप दिसलं की काढायचं, कारण प्रतिकारक वाण म्हणजे अभेद्य वाण नव्हे.

स्ट्रॉबेरी बियांपासून करू नका. ऑक्टोबरात महाबळेश्वर-वाई भागातली रोपं पुण्याच्या रोपवाटिकांत येतात, ती घ्या. एका बारा इंची बॅगेत दोन. रोपाचा मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे; तो गाडला गेला तर कुजतो, आणि मुळं उघडी पडली तर रोप सुकतं. फळ ओल्या मातीला टेकू नये म्हणून खाली वाळलेलं गवत अंथरा. किलोने मिळणार नाहीत, घरातल्या लहानग्यांच्या तोंडापुरत्या मिळतील, आणि त्यासाठी दोन बॅगा देणं मला योग्य वाटतं.

सासूबाईंचं म्हणणं

‘आपल्या मातीत येतं ते लाव.’ या वाक्यात एक गोष्ट तपासायला हवी आणि एक मान्य करायला हवी.

तपासायची ही की टोमॅटो, मिरची आणि बटाटा तिन्ही मूळ अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे आलेले. आज मिरचीला कुणी परकं म्हणत नाही. तेव्हा देशी की विदेशी, हा वाद तुमच्या गच्चीवर कामाचा नाही. ब्रोकोली पुण्याच्या डिसेंबरात नीट येते आणि देशी मुळ्याचा चुकीचा वाण जूनमध्ये फसतो, हे तुम्ही पाहिलंच.

मान्य करायची गोष्ट मोठी आहे. अळू! त्या सावलीच्या कोपऱ्याला याहून चांगलं काही नाही. अळवाला ओल आवडते, अर्धी सावली चालते आणि एकदा कांदे लावले की वर्षभर पानं मिळतात. सासूबाईंनी ऊन मोजलं नसेल, पण झाड त्या जागेला चपखल बसतं. कांदे ओळखीच्या घरून घ्या. खाजरा आहे की नाही हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, ज्यांच्या ताटात तो रोज असतो त्यांनाच माहीत असतं.

आणि तुमची ‘नवीन’ची ओढही मला पटते. तर मग त्यांच्या बाजूचं पण तुम्हाला नवीन असं काही बघा. मायाळू: छाटकलम पाण्यात ठेवलं तरी आठवड्या-दहा दिवसांत मुळं फुटतात, पावसात पालक सडतो तेव्हा हा जोमात असतो, पानांची भजी होतात आणि किडीचा त्रास फार कमी. अंबाडी: जूनमध्ये क्रेटमध्ये दाट पेरा, वीतभर झाली की शेंडे खुडा. आणि माझी सगळ्यात आवडती सूचना, चौधारी घेवडा. कोकणात तो परसात असतो, पुण्यात अजून कमी दिसतो. शेंगेला चार झालरी असतात. कोवळी शेंग, फूल आणि पानं सगळं खाता येतं, आणि शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून तो स्वतःचं नत्र स्वतः मिळवतो. बी टणक असतं, म्हणून साल किंचित खरवडून चोवीस तास भिजवा आणि जूनमध्ये अठरा इंची बॅगेत पेरा. दहा फुटांचा वेल होतो, जाळी पक्की हवी.

इथे एक गोष्ट माहीत नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी चांगले वेल उपटले जातात. चौधारी घेवडा दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तो नुसता वाढतो आणि लोक ‘वांझ आहे’ म्हणून काढून टाकतात. ऑक्टोबरात फुलं दिसतात आणि मग थंडीभर शेंगा. वालाच्या अनेक गावरान जातींचंही असंच आहे. तेव्हा गणपतीत त्याला हात लावू नका.

गावरान बियांसाठी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम तुम्हाला ठाऊक असेल. देशी वाणांच्या जतनासाठीच त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या बीज जपणाऱ्यांकडून आलेलं वाल-घेवड्याचं बी सरळ वाणाचं असतं, म्हणजे ते घरी धरून पुन्हा लावता येतं. सुधारित वाणांसाठी राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांची बियाणे विक्री केंद्रं बघा. दापोलीचा ‘कोकण सदाबहार’ हा चवळीचा वाण गच्चीसाठी जरूर विचारून पाहा, तो वेलासारखा पसरत नाही.

स्वयंपाकघराचा हिशेब

चार माणसांना एका वेळची भेंडीची भाजी एकदम हवी असेल तर निदान दहा-बारा झाडं लागतात. दोन झाडांवर एका वेळी दोन-तीनच भेंड्या निघतात, त्या फ्रिजमध्ये साठवता साठवता निबर होतात. नऊ नव्या प्रकारांची दोन-दोन झाडं लावली तर बाग रंगीत दिसेल, पण भाजी म्हणून ताटात काही येणार नाही, आणि हिरमोड होईल. म्हणून चोवीसपैकी अठरा जागा घरात नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना, आणि सहाच नव्यांना द्या.

तुमच्यासाठी मी असं मांडेन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सहा बॅगांत दोन-दोन भेंडी, दोन बॅगांत दोडका, एकीत मायाळू, एका मोठ्या बॅगेत चौधारी, दोन क्रेटमध्ये अंबाडी आणि माठ, सावलीत अळवाच्या दोन बॅगा. मिरचीची जुनी झाडं चांगली असतील तर उपटू नका. मे अखेरीस एक तृतीयांश छाटा आणि वरची दोन इंच माती बदलून शेणखत घाला, ती पुन्हा फुटतात. उरलेल्या बॅगांत झेंडू लावा, त्याचं कारण पुढे येईल. सप्टेंबरअखेर भेंडी थकते; त्याच बॅगांत ऑक्टोबरात चार ब्रोकोली आणि दोन ढोबळी. एका क्रेटमध्ये नवलकोल. दोन नव्या पंधरा इंची बॅगांत चेरी टोमॅटो. दोन बारा इंचींत स्ट्रॉबेरी. नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्रेटमध्ये लेट्यूस, आणि तुमचा पालक जिथे चांगला आला तिथेच. फेब्रुवारीत हिवाळी माल निघाला की गवार, चवळी, काकडी.

माती आता, बी नंतर

आत्ता कडक उन्हाळा आहे, आणि हेच काम आत्ताच होतं. ठेवायच्या मिरच्या सोडून बाकी सगळ्या बॅगा रिकाम्या करा. मुळं बघा. टोमॅटोच्या मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी आहेत. माती ओली करून गच्चीवर सहा इंचांचा थर पसरा आणि पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा विटांनी दाबा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. प्लॅस्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, त्यातूनच ऊन आत जाऊन माती तापते. यात वाईटाबरोबर चांगले जीवाणूही मरतात, म्हणून भरताना मातीचे चार भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, कोकोपीट तीन भाग, आणि दर बॅगेला मूठभर निंबोळी पेंड व एक चमचा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपकारक बुरशी) पावडर मिसळा. झेंडूची मुळं सूत्रकृमींना आवरतात. ज्या मातीत गाठी सापडल्या ती झेंडूला द्या.

प्रत्येक बॅगेवर गेल्या वर्षीच्या पिकाचं नाव रंगाने लिहा. टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी आणि बटाटा एका कुळातले, यांच्या जागी लगेच यांचंच कुणी नको. मुळा, कोबी, ब्रोकोली, नवलकोल आणि केल दुसऱ्या कुळातले. वेलवर्ग तिसरा. एकदा लिहून ठेवलं की पुढे चूक होत नाही.

खत पावसाळ्यात थोडं आणि वारंवार द्या, दर पंधरा दिवसांनी बॅगेला मूठभर गांडूळखत, कारण पाण्याबरोबर ते वाहून जातं. दोडक्याला एकदम ढीगभर शेणखत घातलं तर पानं आणि नर फुलंच वाढतात. आणि वजनाकडे लक्ष असू द्या. बारा इंची बॅगेत सुमारे बावीस लिटर माती मावते, ओली झाली की वीस-पंचवीस किलो होते. सगळ्या बॅगा मिळून अर्धा टन भरतो. गच्चीच्या मधोमध जमवू नका, भिंतींच्या आणि तुळयांच्या कडेने ठेवा, आणि वॉटरप्रूफिंगवर थेट न ठेवता विटांवर ठेवा.

घरातल्या उरलेल्या बियांचीही परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत सात उगवल्या तर बी चांगलं, चारच उगवल्या तर दुप्पट पेरा, त्याहून कमी तर टाकून द्या. कांद्याचं बी वर्षभरात कमजोर होतं, भेंडीचं दोन वर्षं चालतं, टोमॅटो, वांगं आणि वेलवर्गाचं नीट कोरडं ठेवलं तर चार वर्षंही.

आता ऑर्डर उघडा. ॲस्परॅगस, सेलरी, झुकिनी आणि स्ट्रॉबेरीचं बी काढा. ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो ठेवा. रंगीत ढोबळीऐवजी हिरवीचा वाण घ्या. केल ठेवायची की नाही ते घरच्यांना विचारून ठरवा. नवलकोल आणि चौधारी घेवडा वाढवा. लेट्यूसच्या पाकिटात शेकडो बिया असतात, दोन शेजारणींत वाटून घ्या. जूनमध्ये लागणारं बी मेच्या अखेरीस मागवा, हिवाळी बी ऑगस्टमध्ये, म्हणजे ते तुमच्या कपाटात दमट पावसाळा काढणार नाही. दोन टप्प्यांत खर्च विभागला की यजमानांचीही हरकत राहणार नाही. आणि अळवाचे कांदे कुणाकडून आणायचे, ते सासूबाईंनाच विचारा.